तारांना पीळ देणारा बेल

मोठ्या रुग्णालयात तळमजल्यावर सीटी स्कॅन होतो आणि रुग्णाची ट्रॉली लिफ्टपर्यंत पोचायच्या आत त्याची चित्रे पाचव्या मजल्यावरच्या ऑपरेशन थिएटरमध्ये पडद्यावर उमटलेली असतात. पूर्वी ओली फिल्म हातात धरून वॉर्डबॉय जिने चढायचा. ते काम आता जिन्याशेजारच्या अरुंद शाफ्टमधून जाणाऱ्या केबल करतात. त्यातली करंगळीपेक्षा बारीक, निळी किंवा करडी केबल कापून पाहिली, तर आत तांब्याच्या आठ तारा दिसतात. दोन-दोनच्या चार जोड्या, आणि प्रत्येक जोडीतल्या तारा एकमेकींना पीळ घातलेल्या. हा पीळ तारा विस्कटू नयेत म्हणून नसतो. तो काढून टाकला तर माहिती धड पोचणारच नाही. तारांना असा पीळ घालण्याचे पेटंट अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल याने १८८१ च्या जुलैमध्ये मिळवले. टेलिफोनमुळे त्याचे नाव शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. या पिळाबद्दल मात्र फारसे कोणी बोलत नाही. त्याच उन्हाळ्यात हा माणूस एका रुग्णाच्या खाटेशी काय करत होता, हेही फार थोड्यांना माहीत असते.

बेलचा जन्म ३ मार्च १८४७ रोजी स्कॉटलंडमधल्या एडिंबरा शहरात झाला. वडील उच्चारशास्त्राचे शिक्षक. बोलताना जीभ, ओठ आणि घसा कुठे असतात हे चिन्हांनी दाखवणारी एक लिपीच त्यांनी तयार केली होती. आई एलायझा उत्तम पियानो वाजवायची, पण तिला फार कमी ऐकू यायचे. इतर माणसे तिच्या कानाशी लावलेल्या नळीत ओरडायची. लहानगा अलेक्झांडर मात्र तिच्या कपाळाजवळ तोंड नेऊन खोल, हळू आवाजात बोलायचा आणि ते तिला कळायचे. आवाज म्हणजे कंपन, आणि ते हाडातूनही जाते, हा धडा त्याला पुस्तकाआधी घरातच मिळाला.

पुढे त्या घरावर क्षयाने झडप घातली. १८६७ मध्ये धाकटा भाऊ एडवर्ड गेला, १८७० मध्ये थोरला मेलव्हिल. क्षयाचा जंतू कॉखला सापडायला अजून बारा वर्षे होती. तोवर डॉक्टरांच्या हाती हवापालट सुचवण्यापलीकडे फारसे काही नव्हते. उरलेला एक मुलगा तरी जगावा म्हणून आईवडिलांनी त्याला घेऊन कॅनडा गाठला आणि ब्रँटफर्डजवळ बिऱ्हाड केले. अलेक्झांडर तिथे सुधारला. १८७१ मध्ये तो बोस्टनला कर्णबधिर मुलांना बोलायला शिकवू लागला. मेबल हबर्ड ही त्याची तिथली एक विद्यार्थिनी. पाचव्या वर्षी स्कार्लेट फीव्हर झाला आणि तिची श्रवणशक्ती गेली होती. पुढे १८७७ मध्ये दोघांचे लग्न झाले.

बोस्टनमधले कानाचे डॉक्टर क्लॅरेन्स ब्लेक यांनी १८७४ मध्ये बेलला एक विलक्षण वस्तू मिळवून दिली. ती होती मृत माणसाचा कान, आतला पडदा आणि हाडे शाबूत असलेला. बेलने त्या हाडाला गवताची काडी जोडली, काडीखाली काजळी धरलेली काच सरकवली आणि कानात तोंड घालून तो बोलला. काजळीवर आवाजाची नागमोडी रेघ उमटली. कानाचा पडदा जेमतेम एक दशांश मिलिमीटर जाडीचा, तरीही त्याच्या मानाने जड असलेली हाडे तो हलवतो. मग अशाच एखाद्या पडद्याने लोखंडाचा तुकडा का हलू नये आणि त्या हलण्याने तारेतला विद्युतप्रवाह का बदलू नये, असे त्याच्या डोक्यात आले. टेलिफोनच्या मुळाशी शरीररचनाशास्त्र आहे, ही गोष्ट वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना आवर्जून सांगायला हवी.

त्या वेळी बेल बोस्टनच्या कोर्ट स्ट्रीटवर चार्ल्स विल्यम्स यांच्या विजेच्या उपकरणांच्या कारखान्यात, इमारतीच्या अगदी वरच्या माळ्यावर प्रयोग करत असे. थॉमस वॉटसन हा तिथलाच तरुण कारागीर त्याच्या मदतीला होता. १८७५ च्या जूनमध्ये वॉटसनने बेलच्या सांगण्यावरून पडद्याचे यंत्र बनवले आणि माळ्यापासून दोन जिने खाली, आपल्या कामाच्या टेबलापर्यंत तार ओढली. बेल वरून ओरडला. खाली वॉटसनला शब्द कळले नाहीत, पण आवाज बेलचा आहे एवढे नक्की ओळखू आले आणि तो धावत जिने चढून ते सांगायला वर गेला. म्हणजे टेलिफोनची पहिली तार दोन गावांमध्ये किंवा दोन घरांमध्ये टाकलेली नव्हती. ती एकाच इमारतीच्या मजल्यांमधून खाली उतरली होती. शब्द स्पष्ट ऐकू यायला पुढचा मार्च उजाडला. पेटंट ७ मार्च १८७६ ला मिळाले. एलिशा ग्रे यानेही त्याच दिवशी, १४ फेब्रुवारीला कचेरीत कागद दाखल केले होते, त्यामुळे पुढे कोर्टकचेऱ्या खूप झाल्या. तो इतिहास अनेकांनी लिहिला आहे.

खरी अडचण तारा रस्त्यावर आल्यावर सुरू झाली. सुरुवातीच्या टेलिफोनला एकच तार असे. प्रवाह परत यायचा तो जमिनीतून. तारायंत्रात हे चालून जायचे, कारण तिथे फक्त टकटक ओळखायची असते. टेलिफोन मात्र अतिशय नाजूक कानाचा. शेजारून तारायंत्राची तार गेली असली की तिची टकटक यात ऐकू यायची, शेजाऱ्याचे बोलणेही यायचे. तारा एकमेकींना टेकलेल्या नसतानाही असे होते, कारण एका तारेतला प्रवाह बदलला की तिच्या भोवतालचे चुंबकीय क्षेत्र बदलते आणि त्यामुळे शेजारच्या तारेत विनाकारण थोडा प्रवाह निर्माण होतो. फॅरडेने १८३१ मध्ये शोधलेले हेच ते विद्युत प्रवर्तन. ज्याच्या जोरावर टेलिफोन बोलतो, तेच त्याचे बोलणे बिघडवतही होते. लग्नानंतर इंग्लंडला गेलेला बेल तिथेही याच गोंगाटावर प्रयोग करत बसला होता.

त्याने काढलेला उपाय असा. जमीन सोडून द्यायची आणि प्रवाह परत येण्यासाठी दुसरी तार वापरायची. दोन्ही तारा एकमेकींना पीळ घालून न्यायच्या. वाऱ्याच्या पावसात दोन माणसे शेजारी चालली आहेत असे समजा. वाऱ्याकडच्या बाजूचा जास्त भिजतो. पण दर चार पावलांवर दोघांनी जागा बदलल्या, तर घरी पोचेपर्यंत दोघेही सारखेच भिजलेले असतात. पिळामुळे तारांचे नेमके हेच होते. बाहेरच्या गोंगाटाच्या जवळ कधी ही तार येते, कधी ती. शेवटी दोघींत शिरलेला गोंगाट सारखा होतो. पलीकडचे यंत्र दोन तारांमधला फरक तेवढा मोजते. गोंगाट दोन्हीकडे सारखाच असल्यामुळे तो वजा होतो आणि बोलणे उरते, कारण बोलण्याचा प्रवाह एका तारेतून जातो आणि दुसरीतून उलट येतो.

आज इमारतीत संगणकासाठी केबल टाकणारा मुलगा बेलचे नाव घेत नसेल, पण त्याचे नियम तो पाळतो. केबलमधल्या चारही जोड्यांचा पीळ वेगवेगळ्या घट्टपणाचा असतो. तो सारखा असता तर शेजारच्या दोन जोड्या पावलाला पाऊल मिळवून चालल्या असत्या आणि जागा बदलण्याचा फायदाच उरला नसता. टोकाला खटका बसवताना पीळ १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उलगडायचा नाही. विजेच्या जाड केबलला खेटून, लिफ्टच्या मोटारीजवळून ही केबल न्यायची नाही. तिची एकूण लांबी १०० मीटरपेक्षा जास्त ठेवायची नाही. शाफ्टमध्ये सगळ्यांनाच जागा हवी असते, म्हणून डेटाची केबल विजेच्या केबलला बिनदिक्कत बांधली जाते. मग वॉर्डातला संगणक अधूनमधून का अडतो याचा शोध महिनोन्महिने चालतो.

आरोग्याच्या दृष्टीने महत्त्वाची बाब आणखी एक आहे. केबल नेण्यासाठी प्रत्येक मजल्याच्या स्लॅबला पाडलेले भोक अग्निरोधक लांबीने किंवा भरावाने बुजवावे लागते. ते तसेच राहिले तर आगीत तो शाफ्ट धुराड्यासारखे काम करतो. इमारतीच्या आगीत माणसे भाजून जितकी दगावतात त्याहून जास्त धुराने गुदमरून जातात, आणि अतिदक्षता विभागातला रुग्ण उठून पळू शकत नाही. केबलच्या वेष्टनाचा प्रकार निवडतानाही जळल्यावर धूर किती आणि कसला होईल हे पाहायचे असते.

मजल्यामजल्यांमधला मुख्य दुवा आता बहुतेक ठिकाणी तांब्याचा नसून काचेच्या तंतूचा असतो. त्यातून वीज जात नाही, प्रकाश जातो. म्हणून तिथे विद्युत प्रवर्तनाचा प्रश्नच येत नाही आणि अंतरही खूप चालते. गंमत म्हणजे या वाटेच्या सुरुवातीलाही बेलच उभा आहे. १८८० मध्ये फ्रान्स सरकारने त्याला व्होल्टा पारितोषिकाचे ५०,००० फ्रँक दिले. वॉशिंग्टनमधली त्याची व्होल्टा प्रयोगशाळा त्यातून उभी राहिली. त्याच वर्षी त्याने चार्ल्स समनर टेंटर या सहकाऱ्याबरोबर फोटोफोन तयार केला. बोलण्याने पातळ आरसा थरथरे, त्यावरून परावर्तित झालेला सूर्यप्रकाश कमीजास्त होई आणि पलीकडे सेलेनियमचा घट त्याचा पुन्हा आवाज करी. फ्रँकलिन स्कूल या इमारतीच्या छपरावरून टेंटर बोलला आणि २१३ मीटर दूर प्रयोगशाळेच्या खिडकीत बेलने ते तारेशिवाय ऐकले. टेलिफोनपेक्षाही हा आपला मोठा शोध आहे, असे तो शेवटपर्यंत मानत आला. त्याच फेब्रुवारीत जन्मलेल्या धाकट्या मुलीचे नाव फोटोफोन ठेवावे असेही त्याच्या मनात आले होते. मेबलने ते होऊ दिले नाही. ढग आला, धुके आले की फोटोफोन बंद पडायचा. प्रकाशाला हवेबाहेरची, बंदिस्त वाट हवी होती. ती काचेच्या तंतूंनी दिली. पंजाबात जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांनी १९५४ मध्ये हॉपकिन्स यांच्यासह तंतूंच्या जुडग्यातून चित्र नेण्याबद्दल लिहिले, आणि काही वर्षांतच जठर आतून पाहण्याची लवचीक दुर्बीण तयार झाली. रुग्णालयात काचेचा तंतू आला तो आधी रुग्णाच्या पोटात. शाफ्टमध्ये तो फार नंतर शिरला.

आता १८८१ चा तो उन्हाळा. २ जुलैला वॉशिंग्टनच्या रेल्वे स्थानकावर अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफील्ड यांच्यावर चार्ल्स गिटो याने गोळ्या झाडल्या. एक दंडाला चाटून गेली. दुसरी पाठीत उजवीकडून शिरली, तिने बरगड्या मोडल्या, मणका भेदला आणि ती आत कुठेतरी बसली. मज्जारज्जू वाचला होता. स्थानकाच्या जमिनीवरच डॉक्टरांनी न धुतलेली बोटे जखमेत घालून गोळी चाचपायला सुरुवात केली. लिस्टरने जंतुनाशक पद्धत मांडून चौदा वर्षे झाली होती. तो स्वतः १८७६ मध्ये अमेरिकेत येऊन ती समजावून गेला होता. पण तिथल्या मोठ्या डॉक्टरांना ते खूळ वाटत होते. उपचारांची सूत्रे विलर्ड ब्लिस या डॉक्टरच्या हाती होती. गोळी उजव्या बाजूला यकृताकडे गेली आहे, असे त्याने ठरवून टाकले होते.

क्ष-किरण सापडायला अजून चौदा वर्षे होती. शरीर न फाडता गोळी शोधण्याचा काही उपाय आहे का, असा विचार करताना बेलला इंग्लंडमधले आपले तारांच्या गोंगाटाचे प्रयोग आठवले. दोन वेटोळी अशा बेताने ठेवायची की एकातल्या प्रवाहाचा दुसऱ्यावरचा परिणाम नेमका फिटतो आणि टेलिफोनमध्ये पूर्ण शांतता होते. अशा वेळी जवळ धातू आणला की तोल बिघडतो आणि आवाज उमटतो. गोंगाट घालवण्यासाठी शिकलेली युक्ती उलटी फिरवायची आणि गोळीला गोंगाट करायला लावायचा. टेंटरबरोबर तो दिवसरात्र कामाला लागला. मुठीत लपवलेली गोळी, मांसाच्या तुकड्यात खुपसलेली गोळी, यादवी युद्धातल्या जुन्या सैनिकांच्या अंगात राहून गेलेल्या गोळ्या, सगळ्यांवर उपकरण तपासून झाले. पीळ घातलेल्या तारांचे पेटंट १९ जुलैला हाती पडले ते या धावपळीत.

२६ जुलैला बेल व्हाइट हाउसमध्ये राष्ट्राध्यक्षांच्या खोलीत गेला. उपकरणातून सतत फुसफुस येत राहिली. घाईत एक जोडणी चुकली होती. १ ऑगस्टला तो पुन्हा गेला. या वेळी आवाज आला, पण एका ठिकाणी नव्हे, मोठ्या भागावर सगळीकडे, अंधुक. घोड्याच्या केसांच्या गादीखाली पोलादी तारांची आणखी एक गादी आहे, हे त्याला नंतर समजले. दोष सगळा गादीचाही नव्हता. ब्लिसने बेलला शोध घेऊ दिला तो उजव्याच बाजूचा, आणि आलेला आवाज आपल्या निदानाला पुष्टी देतो असे जाहीर केले. बोटे आणि सळया जखमेत जात राहिल्या, पू वाढत गेला, ताप उतरेना, धिप्पाड माणूस हाडांचा सापळा झाला. १९ सप्टेंबरला ७९ दिवसांनी गारफील्ड गेले. शवविच्छेदनात गोळी डाव्या बाजूला, स्वादुपिंडाच्या मागे सापडली. तिच्याभोवती शरीराने आवरण तयार केले होते. ती तशीच राहिली असती तरी चालले असते. जखमेत उगीच बोटे घातली नसती तर गारफील्ड वाचले असते, असे आजच्या अनेक शल्यचिकित्सकांचे मत आहे. बेलला मात्र वर्तमानपत्रांतून टीका ऐकावी लागली.

या दोन तारखांच्या मधे, १५ ऑगस्टला बेल दांपत्याला मुलगा झाला. दिवस पुरे भरलेले नव्हते. बाळाला श्वास घेता येईना आणि काही तासांतच ते गेले. एडवर्ड हे त्याचे नाव. हे दुःख वागवतच बेलने छातीभोवती बसणारे हवाबंद धातूचे जाकीट बनवले. भात्याने त्यातली हवा ओढून घेतली की छाती फुगते आणि हवा आपोआप आत शिरते. १८८३ मध्ये दुसरा मुलगा रॉबर्ट असाच अपुऱ्या दिवसांचा झाला आणि गेला. अशा बाळांच्या फुप्फुसात सरफॅक्टंट नावाचा पदार्थ पुरेसा नसतो, त्यामुळे वायुकोश मिटून जातात, हे मेरी एलन एव्हरी यांनी १९५९ मध्ये दाखवले. जाकिटाने ते साधले असते का, याबद्दल शंकाच आहे. पण कल्पना खोटी नव्हती. १९२८ मध्ये ड्रिंकर आणि शॉ यांनी पोलिओच्या रुग्णांसाठी केलेले लोखंडी फुप्फुस याच तत्त्वावर चालत होते.

गोळी शोधण्याचे उपकरणही वाया गेले नाही. बेलने सुधारलेली, टेलिफोनला जोडलेली सुई धातूला टेकली की कानात आवाज येई. क्ष-किरण येईपर्यंत आणि पुढेही काही काळ लष्करी शल्यचिकित्सक ती वापरत राहिले. हायडेलबर्ग विद्यापीठाने १८८६ मध्ये या कामासाठी त्याला वैद्यकाची मानद पदवी दिली.

बेलच्या आयुष्याची एक बाजू मात्र गोड करून सांगता येत नाही. कर्णबधिरांनी ओठ वाचावे आणि तोंडाने बोलावे, खुणांची भाषा सोडावी, असा त्याचा हट्ट होता. १८८३ मध्ये त्याने अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीपुढे एक प्रबंध वाचला. कर्णबधिरांनी आपसात लग्ने केली तर बहिऱ्या माणसांची वेगळी जातच तयार होईल, अशी भीती त्यात होती. कायद्याने बंदी घालणे त्यालाही योग्य वाटले नाही, पण कर्णबधिर शिक्षक आणि वेगळ्या निवासी शाळा नकोत, असे तो म्हणत राहिला. त्याच्या वजनामुळे अनेक शाळांतून खुणांची भाषा हद्दपार व्हायला हातभार लागला आणि कित्येक मुलांचे शिक्षण त्यात अडखळले. ज्याची आई आणि बायको दोघी कर्णबधिर, त्याने असे का करावे? मेबल फार सफाईने ओठ वाचायची. सगळ्यांना तिच्यासारखे जमेल, असे त्याने गृहीत धरले असावे. तिची श्रवणशक्ती पाचव्या वर्षी, भाषा येऊ लागल्यावर गेली होती. जन्मापासून ऐकू न येणाऱ्या मुलाची गोष्ट वेगळी असते.

उतारवयात तो कॅनडातल्या नोव्हा स्कॉशियामध्ये बेन व्ह्रिया या आपल्या टेकडीवरच्या घरी रमला. विमाने, पाण्यावर तरंगत धावणाऱ्या बोटी, मेंढ्यांची पैदास, असे त्याचे उद्योग चालूच होते. अभ्यासिकेत टेलिफोन ठेवायला त्याची तयारी नसे, कामात व्यत्यय येतो म्हणून. मधुमेह त्याला बरीच वर्षे होता. त्याच कॅनडात, टोरांटोच्या रुग्णालयात ११ जानेवारी १९२२ रोजी लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला इन्सुलिनचे पहिले इंजेक्शन दिले गेले. उन्हाळ्यापर्यंत ते औषध मोजक्या रुग्णांपुरतेच तयार होत होते. २ ऑगस्ट १९२२ रोजी बेल मधुमेहाच्या गुंतागुंतीने गेला. दोन दिवसांनी टेकडीवर त्याला पुरले, तेव्हा उत्तर अमेरिकेतले टेलिफोन एक मिनिट बंद ठेवले होते. मेबल पुढच्या जानेवारीत गेली.